बत्ताशाचा नमस्कार

तांब्या-पितळेच्या भांड्यांचे एक व्यापारी एकदा आपला आजारी कुत्रा जुन्या धोतरात गुंडाळून पशुवैद्याच्या दवाखान्यात घेऊन आले. आजारी कुत्रा दवाखान्यात येणे यात नवल काहीच नाही. नवल असे होते की त्याच दिवसांत गावातली माणसे त्या कुत्र्याच्या पाया पडू लागली होती.

व्यापाऱ्यांचे नाव त्र्यंबकशेठ. तालुक्याच्या बाजारपेठेत त्यांचे दुकान होते आणि दुकानाच्या मागेच घर. पत्नी निवर्तल्या होत्या, एकुलती मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. घरात उरले ते शेठ, त्यांची वृद्ध आई आणि मुलीने माहेरी ठेवून दिलेला एक पांढरा, गुबगुबीत पॉमेरेनियन कुत्रा. त्याचे नाव बत्तासा. शेठ अबोल होते. आईंना सगळे माई म्हणत. माईंचे गुडघे गेल्यापासून त्यांचे देवळात जाणे सुटले होते आणि देवळाबरोबर तिथल्या बायकांची सोबतही सुटली होती. दिवसाकाठी बोलायला माणूस म्हणजे संध्याकाळी फोनवर येणारी नात, आणि बाकीचा दिवसभर बत्तासा.

एका सकाळी माई देवघरात आरती म्हणत असताना बत्तासा उंबरा ओलांडून आत आला. त्याने पुढचे दोन्ही पाय पसरले, छाती फरशीला टेकवली, मागचा भाग मात्र उंच ठेवला, आणि तो तसाच स्तब्ध राहिला. माईंच्या हातातली घंटा थांबली.

"त्र्यंबका! अरे, ये लवकर. हा नमस्कार करतोय बघ!"

शेठ आले. त्यांनीही पाहिले. कुत्रा खरोखरच मूर्तींसमोर वाकलेला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडले. शेठांनी मोबाइलवर त्याची चित्रफीत काढून मुलीला पाठवली. मुलीने ती नातेवाइकांना पाठवली, आणि थोड्याच अवकाशात ती बाजारपेठेत ज्याच्या त्याच्या हातात पोहोचली. शेजारणी पाहायला येऊ लागल्या. पूर्वी देवळात भेटणाऱ्या बायका आता माईंच्या देवघरात सतरंजीवर बसून भजने म्हणू लागल्या. कोणी बत्ताशाच्या कपाळाला कुंकू लावी, कोणी पेढा आणी. माई रोज साजूक तुपातला शिरा करीत आणि नैवेद्य दाखवून झाला की पहिला घास त्याला भरवीत. बऱ्याच काळाने माईंचा आवाज स्वयंपाकघराबाहेर ऐकू येऊ लागला होता. शेठ दुकानात बसून तो ऐकत, आणि त्यांना बरे वाटे.

मग बत्ताशाला उलट्या होऊ लागल्या. माईंनी मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. उलट्या थांबल्या नाहीत, त्याने खाणेही टाकले, तेव्हा शेठ त्याला घेऊन दवाखान्यात आले.

दवाखाना एका वृद्ध पशुवैद्यांचा होता. त्यांचा आयुष्यभराचा व्यवहार गाई-म्हशींशी. उतारवयात त्यांनी सोनोग्राफीचे यंत्र घेतले होते आणि ते चालवण्यासाठी शहरात त्याचे रीतसर शिक्षण घेतलेली केतकी नावाची तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकाऊ म्हणून आली होती. यंत्र नवे दिसले की नाक मुरडणाऱ्या वृद्धांपैकी ते नव्हते. केतकी पडद्यावर काय पाहते हे ते तिच्या शेजारी स्टूल ओढून समजून घेत. यंत्राच्या बाबतीत ती त्यांची गुरू होती आणि बाकी सर्व बाबतींत शिष्या.

त्या दिवशी वृद्ध वैद्य एका अडलेल्या म्हशीसाठी खेड्यात गेले होते. दवाखान्यात केतकी एकटीच होती.

"काय खायला दिलं होतं?" तिने विचारले.

"घरचंच. दूध-भात," शेठ म्हणाले.

त्यांनी काही लपवले नव्हते. प्रसाद हे खाणे असते असे त्यांच्या मनातही आले नाही. नमस्काराची गोष्ट मात्र त्यांनी जाणूनबुजून सांगितली नाही. शिकलेली मुलगी हसेल, असे त्यांना वाटले.

"पोट दुखत असावं असं वाटतं? कण्हतो, ओरडतो?"

"नाही. शांत असतो. उलट अलीकडे फारच शांत."

केतकीने बत्ताशाच्या पोटावरचे केस कापले, जेल लावले आणि यंत्राचा प्रोब पोटावर फिरवू लागली. मधल्या वयाचा, अंगाने सुटलेला कुत्रा आणि उलट्या, म्हणजे स्वादुपिंडाला सूज असू शकते, हे तिच्या ध्यानात होते. तिने ओळीने यकृत पाहिले, पित्ताशय पाहिले, दोन्ही मूत्रपिंडे पाहिली. स्वादुपिंडाकडे आल्यावर अडचण आली. तो अवयव मुळात लहान, जठर आणि आतडे यांच्या कुशीत दडलेला. त्यात आतड्यात हवा धरली होती. सोनोग्राफीच्या लहरी हवेतून पलीकडे जात नाहीत, त्यामुळे पडद्यावर एक पांढरी रेघ आणि तिच्यामागे नुसती धुरकट सावली दिसत होती. उजवीकडचा एक तुकडा तिला दिसला. तो बरा वाटला.

शेठ तिच्या खांद्यामागून पडद्याकडे टक लावून पाहत होते. त्यांना त्यातले काहीच कळत नव्हते, म्हणून ते तिच्या चेहऱ्याकडेही पाहत होते.

"काही वाईट नाही ना, मॅडम?"

"नाही," केतकी म्हणाली. "स्वादुपिंड पाहिलं, व्यवस्थित आहे. पोट बिघडलंय फक्त. उलटी थांबायचं इंजेक्शन देते. आजचा दिवस पोटाला विश्रांती द्या, उद्या थोडा मऊ भात."

शेठांनी तिला हात जोडले. घरी जाऊन त्यांनी माईंना सांगितले की सोनोग्राफी झाली, सगळे व्यवस्थित आहे. माईंनी देवापुढे दिवा लावला. आनंदाच्या भरात त्यांनी बोटावर चिमूटभर शिरा घेऊन बत्ताशाच्या जिभेला लावला. प्रसादाला नाही म्हणायचे नसते, असे त्या त्याला समजावत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बत्तासा देवघरात वाकला तो उठेचना. काही वेळाने अंग सावरून उभा राही, दोन पावले टाकी, पुन्हा वाकत असे. ही वार्ता पसरली आणि देवघरात नेहमीपेक्षा जास्त बायका जमल्या. टाळ्यांचा नाद वाढला. शेठ दारात उभे राहून पाहत होते. त्यांच्या लक्षात आले की बत्ताशाच्या मागच्या मांड्या थरथरत आहेत आणि तो मूर्तींकडे एकदाही पाहत नाही. डोळे फरशीवर होते. ते बाहेर गेले आणि त्यांनी दवाखान्यात फोन लावला. फोन वृद्ध वैद्यांनी उचलला.

"डॉक्टरसाहेब, कसं सांगू कळत नाही," शेठ म्हणाले. "बत्तासा देवापुढून उठतच नाहीये."

"उठत नाही म्हणजे? बसलाय कसा?"

शेठांनी सांगितले.

"आम्ही येतो," वैद्य म्हणाले. "तोवर त्याला खायला काही देऊ नका. प्रसादसुद्धा नको."

गुरू-शिष्या पोहोचले तेव्हा भजन रंगात आले होते. केतकीने उंबऱ्यातून पाहिले मात्र, आणि तिचा चेहरा उतरला. छाती खाली, कंबर वर. ही आकृती तिने पाठ्यपुस्तकात पाहिली होती, परीक्षेत काढली होती. ती काही बोलणार, एवढ्यात वृद्धांनी हाताने तिला थांबवले. ते बत्ताशाजवळ फरशीवर बसले आणि एक भजन संपेपर्यंत नुसते पाहत राहिले.

मग ते म्हणाले, "माई, मी याला जरा उचलून नेऊ का?"

"देवापुढून?"

"परत आणून ठेवतो."

माईंना ते रुचले नव्हते, पण डॉक्टरांना नाही कसे म्हणायचे? त्यांनी मान हलवली. वृद्धांनी बत्ताशाला अलगद दोन्ही हातांवर घेतले, स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात नेले आणि मोरीपाशी खाली ठेवले. तिथे रात्रीची खरकटी भांडी पडली होती. बायका भजन सोडून मागोमाग आल्या होत्या. हे काय चालले आहे ते कोणालाच कळेना.

बत्तासा क्षणभर उभा राहिला. मग त्याने पुढचे पाय पसरले, छाती जमिनीला टेकवली आणि तो खरकट्या भांड्यांपुढे वाकला.

वृद्धांनी त्याला पुन्हा उचलले. या वेळी पुढच्या दाराशी नेले आणि जिथे सगळ्यांच्या चपला होत्या तिथे ठेवले. बत्तासा चपलांपुढेही वाकला. तेवढाच खोल, तेवढाच वेळ.

चित्रफीत काढणाऱ्या एका बाईंनी मोबाइल खाली घेतला. माई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. रागाने त्यांचा आवाज कापत होता.

"डॉक्टर, हे काय मांडलंय तुम्ही? माझ्या देवघरातून उचलून चपलांत ठेवलंत त्याला?"

"माई, तो कोणापुढे वाकतोय एवढंच मला सगळ्यांना दाखवायचं होतं."

"मग? कोणापुढे?"

"कोणापुढेच नाही. त्याचं पोट दुखतंय. पुढचं अंग खाली आणि मागचं वर धरलं की पोटावरचा ताण थोडा कमी होतो, म्हणून वाकतोय. कशानं दुखतंय ते आत पाहिल्यावर कळेल. पण दुखतंय हे नक्की."

माई खाली बसल्या.

"कधीपासून?"

"तो वाकायला लागला तेव्हापासून," वृद्ध म्हणाले.

बायका एकेक करून निघाल्या. चपला घालताना प्रत्येकीला बत्ताशाला वळसा घालून जावे लागले. वृद्धांनी त्याला उचलून आधी देवघरात नेले, शब्द दिल्याप्रमाणे जागेवर ठेवले, मग शेठांकडे पाहिले. शेठांनी स्वतः त्याला धोतरात गुंडाळून गाडीत घेतले.

दवाखान्यात केतकीने सलाईन लावले. शेठ बाहेर बाकावर बसले होते. दार लोटलेले आहे हे पाहून ती म्हणाली, "सर, तुम्ही उंबऱ्यावरच ओळखलं होतं. मीसुद्धा ओळखलं. मग सरळ सांगितलं का नाही? माईंना सगळ्यांसमोर केवढं लागलं."

"लागलं खरं. आणि ते मला टाळता आलं नाही," वृद्ध म्हणाले. "पण त्याआधी दुसरं एक बोलू. काल तू काय पाहिलंस?"

"स्वादुपिंड व्यवस्थित होतं."

"पाहिलंस?"

केतकीने बंद पडद्याकडे पाहिले. ती म्हणाली, "आतड्यात हवा होती. उजवीकडचा एक तुकडा दिसला. बाकीचं हवेमागे होतं."

"मग शेठना काय सांगितलंस?"

"व्यवस्थित आहे म्हणून."

"जे दिसलंच नाही ते व्यवस्थित कसं ठरलं?"

"ते सारखे विचारत होते, काही वाईट नाही ना, काही वाईट नाही ना. त्यांचा चेहरा असा झाला होता की..." ती थांबली. "मला 'नाही, काही वाईट नाही' असंच म्हणावंसं वाटलं, सर. आणि मग मला पडद्यावरही तसंच वाटायला लागलं."

वृद्धांनी स्टूल ओढले आणि नेहमीसारखे तिच्या शेजारी बसले. "दाखव मला," ते म्हणाले.

केतकीने या वेळी घाई केली नाही. बत्ताशाला डाव्या कुशीवर निजवले, उजव्या बाजूने, बरगड्यांच्या कडेने प्रोब टेकवला आणि हलका दाब देऊन आतड्यातली हवा बाजूला सरण्याची वाट पाहिली. हवा सरली, परत आली, पुन्हा सरली. ती मधल्या त्या निसटत्या अवकाशात पाहत राहिली. अखेर आतड्याच्या कडेने जाणारा एक पट्टा पडद्यावर उमटला. तो असायला हवा त्याहून जाड होता, आणि काळा. त्याच्याभोवतीची चरबी पांढरीधोप चमकत होती, जशी आजूबाजूला सूज पसरली की चमकते. मधे द्रवाची एक बारीक रेघ होती. प्रोब त्या जागेवर येताच बत्ताशाने पोट आवळून घेतले आणि मान वळवून केतकीच्या हाताकडे पाहिले. ओरडला मात्र नाही.

"स्वादुपिंडाची सूज," ती हळूच म्हणाली. "चांगलीच आहे. रक्तही पाठवते तपासायला."

"पाठव. हे काल होतं?"

तिने बराच विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली. "असेलही. नसेलही. काल त्या तुकड्यापलीकडचा हा भाग मला दिसलाच नव्हता."

"हेच उत्तर काल दिलं असतंस तर शेठ नाराज होऊन गेले असते आणि आज सकाळी उठल्या उठल्या कुत्रा घेऊन परत आले असते."

मग वृद्धांनी प्रोब तिच्या हातातून घेतला, कापडाने पुसून जागेवर ठेवला आणि ते म्हणाले,

"काल तुला सूज सापडली नाही, याबद्दल मी तुला एक शब्दही बोलणार नाही. कदाचित काल तिथे सापडण्यासारखं काही नव्हतंच. पुष्कळदा आजार आधी येतो आणि चित्रात मागाहून उमटतो. चांगल्या हातांनाही तो निसटतो, आणि तुझे हात चांगले आहेत. पण जिथे सावली होती तिथे तू बरं असल्याचं सांगितलंस. का? तर समोरच्याला ते हवं होतं, आणि त्याला दिलासा द्यावा असं तुलाही वाटलं. माईंचं काय वेगळं झालं? कुत्रा वाकला, हे त्यांनी खरंच पाहिलं. त्यांच्या मनात देव होता, समोर देव होता, म्हणून तो नमस्कार झाला. मी नुसतं सांगितलं असतं तर एकीकडे माझं मत आणि दुसरीकडे त्यांची श्रद्धा असा वाद झाला असता. त्या वादात माझी हार झाली असती, आणि मधल्या वेळात कुत्रा गेला असता. म्हणून मी कुत्र्याला हलवलं. देव समोर नसतानाही तो वाकला, तेव्हा जे उरलं ते दुखणं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या पडद्यासमोरही असंच कोणीतरी उभं असतं. त्याला वगळून एकदा पाहत जा. मग जे दिसेल ते सांग, आणि जे दिसलं नाही तेही सांग."

केतकीने मान खाली घातली होती. "शेठना मी सांगते," ती म्हणाली.

ती बाहेर गेली. बाकावर शेठांच्या शेजारी बसली आणि काल काय दिसले, काय दिसले नव्हते, आणि तरीही आपण काय सांगितले, हे तिने त्यांना सांगितले. आत्ता त्याची अवस्था कठीण आहे, हेही सांगितले. शेठ ऐकत राहिले. त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि तशीच राहिली.

"वाचेल का?" त्यांनी विचारले.

"आत्ता सांगता येत नाही," केतकी म्हणाली.

हे उत्तर शेठांना आवडले नाही. तरी ते उठून गेले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी नमस्काराची सगळी हकीकत आणि रोजच्या शिऱ्याची गोष्ट तिला सांगितली.

पुढचे दिवस सलाईन, वेदनाशामक आणि उलटीवरची औषधे यांत गेले. रक्ताच्या तपासणीनेही तेच सांगितले. मध्ये एक दिवस असा आला की बत्तासा मान उचलेना, हिरड्या कोरड्या पडल्या, आणि केतकीने शेठांना मुलीशी बोलून ठेवायला सांगितले. मुलगी फोनवर रडली. शेठांनी फोन बत्ताशाच्या कानाशी धरला. त्याचा एक कान हलला, एवढेच. दर दिवशी केतकी पुन्हा पाहत असे, आणि दर दिवशी शेठ विचारीत तेव्हा जेवढे दिसले तेवढे सांगत असे. कधी ते फार थोडे असे. मग एका सकाळी बत्ताशाने वाटीतले पाणी चाटले आणि ते पोटात राहिले. त्यानंतर मीठ-तेल नसलेल्या मऊ भाताची चार शिते त्याने खाल्ली. शेठ दुकान उघडायला गेले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

बत्ताशाला घरी न्यायच्या दिवशी माई स्वतः आल्या. रिक्षातून उतरून दवाखान्याच्या पायऱ्या चढायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी वृद्ध वैद्यांकडे पाहिले नाही. त्या सरळ केतकीसमोर जाऊन बसल्या.

"पोरी, मला खरं सांग. मी त्याला तूप भरवलं. माझ्यामुळं झालं ना हे?"

केतकीने एकदा गुरूंकडे पाहिले. ते खिडकीशी उभे राहून सुया उकळायच्या भांड्यात काहीतरी शोधत होते. ते मदतीला येणार नाहीत हे तिला कळले.

"माई, तो पहिल्यांदा वाकला तेव्हा तुम्ही त्याला शिरा द्यायला लागला होतात का?"

"नाही. वाकला म्हणून तर द्यायला लागले."

"म्हणजे दुखणं आधी आलं. ते कशानं आलं, हे मला माहीत नाही. पुष्कळदा कळत नाही."

"आणि नंतर?"

"नंतर तुपानं वाढलं असणार," केतकी म्हणाली.

माईंनी डोळे मिटले. दिलासा मागायला त्या आल्या नव्हत्या हे केतकीला दिसत होते, पण हेही ऐकणे सोपे नव्हते.

"तो माझ्यासमोर टेबलावर होता, माई," ती पुढे म्हणाली. "आत पाहायचं यंत्र माझ्या हातात होतं. मी सांगितलं, सगळं व्यवस्थित आहे. त्यावर विसंबून तुम्ही त्याला परत प्रसाद दिलात."

माईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिले. आतल्या खोलीतून बत्ताशाच्या नखांचा फरशीवर आवाज येत होता. शेठ त्याला चालवून पाहत होते.

"एक विचारू?" माई म्हणाल्या. "दुखत होतं तर तो देवघरातच का यायचा? घर एवढं मोठं आहे. चपलांपुढे तुम्ही ठेवलात म्हणून वाकला. देवघरात तर तो स्वतःहून यायचा, रोज."

केतकीला याचे उत्तर येत होते. "तिथली फरशी गार असेल. पोट दुखलं की कुत्रे गार जागा शोधतात."

"गार असते खरी," माई सावकाश म्हणाल्या. "तिकडे ऊन येत नाही. उन्हाळ्यात दुपारी मीही तिथेच आडवी होते." त्यांनी काठी जवळ ओढली. "म्हणजे त्याला बरं वाटावं म्हणून तो तिथे यायचा."

"हो."

"मीही त्यासाठीच जाते."

केतकीला वाटले, या दोन गोष्टी एक नाहीत, हे सांगावे. तिने माईंकडे पाहिले आणि ते सांगण्याची गरज तिला वाटली नाही.

"मग त्याचं अंथरूण आता तिथेच घालते," माई म्हणाल्या. "चालेल ना?"

"चालेल. नैवेद्य मात्र त्याच्या वाट्याला नको."

"त्याला भातच. बिनतुपाचा." माई काठीवर भार देऊन उठल्या. दाराशी पोहोचल्यावर त्या वृद्ध वैद्यांसमोर थांबल्या.

"तुमच्यावर माझा राग अजून गेलेला नाही, डॉक्टर."

"जायची घाई नाही, माई," वृद्ध म्हणाले.

शेठ बत्ताशाला घेऊन बाहेर आले. माईंनी रिक्षात बसून त्याला मांडीवर घेतले. पोटावरचे केस कापलेल्या जागी त्यांचा हात गेला, तेव्हा त्या त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. त्याने पोट आवळून घेतले नाही. मग त्यांनी हात तिथेच ठेवला.

प्रिय माणसांच्या वागण्याला आपण जे गोड नाव देऊन मोकळे झालो आहोत, ते नाव बाजूला ठेवून त्यांच्याकडे एकदा पाहावे. कदाचित तो नमस्कारच असेल, पण पाहून घेतलेले बरे.